शेवटचा शब्द

गोष्ट सुरू करणे सोपे असते. ती संपवणे अवघड. श्रावणातल्या कहाण्या 'सुफळ संपूर्ण' झाल्या म्हणजे ऐकणारी पोरे निश्चिंत मनाने उठत, कारण तोवर सगळ्यांचे हिशेब चुकते झालेले असत. नावडतीला राजा भेटलेला असे, गरिबाच्या दारी लक्ष्मी आलेली असे, आणि उतणाऱ्या-मातणाऱ्यांना त्यांची शिक्षा मिळालेली असे. प्रेमकथेचा हिशेब मात्र इतक्या सहजासहजी मिटत नाही. तिथे श्रोता एका शब्दाची वाट पाहत बसलेला असतो. त्या दोघांचे एकमेकांवर मन बसले आहे, हे त्याला पहिल्या भांडणातच कळून चुकलेले असते. कळायचे राहिलेले असते ते त्या दोघांना. आणि कळले तरी बोलायचे राहिलेले असते. कथा जितकी लांबते तितके त्या न बोललेल्या शब्दाचे ओझे वाढत जाते. शेवटचा भाग आला म्हणजे कथाकाराला ते कुठे तरी उतरवावेच लागते. तो शब्द नायकाच्या तोंडी घालायचा की नाही? प्रश्न वरवर पाहता कलेचा आहे. मला तो नीतीचा वाटतो, आणि तुमच्या-माझ्या घरातलाही वाटतो. प्रेम असले म्हणजे पुरे, की ते बोलूनही दाखवले पाहिजे?

एकच हलकीफुलकी प्रेमकथा भागाभागांनी सांगण्याचा गोड प्रयत्न मराठीत सतीश राजवाडे यांनी केला. त्यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' हा चित्रपट २०१० साली आला. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे ही दोनच माणसे जवळजवळ सारा वेळ पडद्यावर. तो पुण्याचा, ती मुंबईची. दिवसभर दोघे पुण्यात हिंडतात, कोणते शहर श्रेष्ठ यावर हिरिरीने भांडतात, आणि एकमेकांना नावही सांगत नाहीत. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्यांना गौतम आणि गौरी ही नावे मिळाली, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी गोळा झाली आणि लग्नाचा मांडव पडला. २०१८ च्या तिसऱ्या भागात पाळण्याची तयारी झाली. आठ वर्षांत प्रेक्षकही या जोडप्याबरोबर वयाने वाढले. शब्द बोलला गेला की कथा संपली, असे या मालिकेने मानले नाही. शब्दानंतर लग्न येते, लग्नानंतर रुसवेफुगवे येतात, आणि मग अंगावर जबाबदारी येते, हे तिने हसतखेळत दाखवले.

हा मार्ग शहाणपणाचा खरा. परंतु आपल्या प्रश्नाला त्यात थोडीशी बगल मिळते. मांडव, पाहुणे, डोहाळे, पाळणा एवढे सगळे बोलू लागले म्हणजे त्या दोघांनी वेगळे काही बोलण्याची गरजच उरत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण ते उच्चारताना आपण कुणाचे तरी भाषांतर करीत आहोत असे वाटू लागते. म्हणून आपले तरुण ते इंग्रजीत म्हणून मोकळे होतात, आणि वडीलधारी माणसे कोणत्याच भाषेत म्हणत नाहीत. त्यांचे सारे प्रेम 'अहो, ऐकलंत का' आणि 'जेवलीस का' यांत सामावलेले असते.

या प्रश्नाला बगल न देता त्याला थेट शिंगावर घेणारी एक कथा मला भेटली ती जपानातली. आणि 'शिंगावर' हा शब्द मी नुसता वाक्प्रचार म्हणून योजलेला नाही, हे पुढे दिसेलच. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे जपानी व्यंगचित्रपटांची ओळख करून द्यायला नको. डोरेमॉन आणि त्याचा रडका नोबिता आपल्या घराघरांत कधीच येऊन बसले आहेत. पण जपानात हा प्रकार नुसता पोरांचा नाही. रुमिको ताकाहाशी या चित्रकथालेखिकेने १९७८ साली एका साप्ताहिकात 'उरुसेइ यात्सुरा' नावाची विनोदी चित्रकथा सुरू केली. नावाचा अर्थ साधारणतः 'ही कटकटी मंडळी' असा. ती १९८७ पर्यंत चालली. मध्यंतरी, १९८१ ते १९८६ या काळात, तिच्यावरून दूरचित्रवाणीवर १९५ भागांची मालिका झाली. आणि ६ फेब्रुवारी १९८८ रोजी तिचा शेवट सांगणारा चित्रपट पडद्यावर आला. 'समाप्तीचा अध्याय' अशाच अर्थाचे नाव त्याला दिले होते. इतकी वर्षे लोकांनी ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आता तरी ऐकू येणार होता.

कथेचे मूळ असे. पृथ्वी जिंकण्यासाठी अंतराळातून राक्षस येतात. तुंबळ युद्ध करण्याऐवजी ते एक खेळ मांडतात, आणि खेळ कोणता, तर आपली शिवाशिवी. जपानी भाषेत या खेळाच्या नावातच राक्षस आहे. पृथ्वीच्या वतीने निवड होते ती आतारू मोरोबोशी नावाच्या एका उनाड शाळकरी पोराची. राक्षसांच्या नायकाची मुलगी लम हिची शिंगे त्याने दहा दिवसांत पकडायची. अखेरच्या दिवशी तो जिंकतो, आणि आता आपले लग्न होणार, या आनंदात ओरडून उठतो. त्याच्या मनात असते दुसरीच मुलगी. लमला वाटते, आपल्यालाच मागणी घातली. ती सरळ त्याच्या घरी येऊन राहते आणि त्याला 'डार्लिंग' म्हणू लागते. पुढे वर्षानुवर्षे तो दिसेल त्या मुलीच्या मागे धावतो, ती त्याला विजेचे झटके देते, आणि एवढ्या धुमाकुळात तो तिला एकदाही प्रेमाचा शब्द देत नाही.

शेवटच्या अध्यायात लमच्या पणजोबाने कधी काळी दिलेले एक वचन उपटते, आणि तिला मागणी घालायला दुसऱ्या ग्रहावरून एक तरुण येतो. गैरसमज वाढतात, मने दुखावतात, आणि तोच जुना खेळ पुन्हा मांडला जातो. तीच शिंगे, तेच दहा दिवस. या वेळी लम एक सवलत देते. तुझे माझ्यावर प्रेम आहे एवढे तू म्हण, मी हार पत्करीन. आतारू हरला तर राक्षस पृथ्वी सोडून जातील, आणि जाताना लमची आठवण सर्वांच्या मनांतून पुसून टाकतील. इकडे परग्रहावरच्या अजस्र अळंब्यांनी सारे गाव व्यापत चालले आहे. मित्र त्याला विनवतात, लोक त्याच्यावर ओरडतात की बाबा, एक वाक्य बोल आणि आम्हांला सोडव. तो बोलत नाही. दहाव्या दिवशी, वेळ संपत आली असताना, त्याच्याजवळून एक वस्तू खाली पडते. ते लमचे शिंग असते. कुणाला न सांगता त्याने ते जपून ठेवलेले असते. लम ते पाहते आणि आपण होऊन त्याच्याकडे धावते. खेळ तो जिंकतो. त्यानंतर ती म्हणते की जन्म गेला तरी तुझ्याकडून तो शब्द मी वदवून घेईन. आणि तो म्हणतो की मरणाच्या क्षणी सांगेन. इथे कथा संपते. २०२२ ते २०२४ या काळात हीच मालिका नव्याने काढली गेली, तेव्हाही शेवट हाच राहिला.

या पोराचा हट्ट बरोबर की चूक? प्रथम त्याची बाजू घेऊ. जो शब्द बोलल्याने पृथ्वी वाचते, स्मृती वाचते, खेळ जिंकता येतो, तो शब्द खरा की सोयीचा, हे कसे ओळखायचे? फायद्याच्या वेळी बोललेल्या सत्याला साक्षीदार लागतो. राजाने मुलींना विचारले, 'तुमचे माझ्यावर प्रेम किती?' ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. थोरल्या मुली साखरेच्या आणि सोन्याच्या उपमा देऊन मोकळ्या झाल्या. धाकटी म्हणाली, मिठाइतके. आणि तिला घराबाहेर काढले. शेक्सपिअरने याच बीजातून 'किंग लिअर' उभे केले. तिथे धाकटीने मिठाचीही उपमा दिली नाही. जवळजवळ काहीच म्हटले नाही. त्या बापाची चूक अशी नव्हती की त्याला प्रेमाची भूक होती. भूक कुणाला नसते? चूक अशी की त्याने प्रेमाची परीक्षा घेतली आणि बक्षीस आधीच जाहीर केले. अशा परीक्षेत जो पहिला येतो, त्याच्यावरच प्रथम संशय घ्यावा.

आणि संशय हा असा प्राणी आहे की त्याचे पोट उत्तराने भरत नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळा'तला फाल्गुनराव आठवा. १९१६ साली रंगभूमीवर आलेले हे संगीत नाटक आजही लोकांना हसवते, कारण कृत्तिकेने कितीही खुलासे केले तरी फाल्गुनरावाला प्रत्येक खुलाशात नवा पुरावाच दिसणार, हे आपण ओळखून असतो. विचारल्यावर मिळालेला शब्द विचारणाऱ्याला कधीच पुरत नाही. 'विचारले म्हणून सांगितलेस' ही तक्रार त्याच्या ओठांवर तयारच असते. तेव्हा दहा दिवसांची मुदत घालून मागितलेला शब्द आतारूने दिला नाही, यात मला त्याचा प्रामाणिकपणाच दिसतो.

मग मागूच नये की काय? इथे आपल्या रीतीने एक बारीक भेद फार सुरेख सांभाळला आहे. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात बायका नव्या सुनेला घेरतात आणि 'नाव घे' म्हणून मागे लागतात. तीही आधी नाही-नाही म्हणते, मग पदर सावरून उखाणा घेते. हेही मागून घेतलेलेच बोलणे. तरी ते कुणाला खोटे वाटत नाही. कारण तो आग्रह असतो, परीक्षा नसते. पंगतीत जिलबी वाढणारा आग्रह करतो तेव्हा तुम्ही नको म्हटले म्हणून तो तुम्हांला पानावरून उठवीत नाही. आग्रहात नकाराला जागा असते, म्हणून होकाराला गोडी असते. परीक्षेत नकाराची किंमत ठरलेली असते, म्हणून होकाराची किंमत शून्य होते. लमने आग्रह केला असता तर आतारू कदाचित बोललाही असता. तिने अट घातली, आणि त्याचे तोंड मिटले.

एवढे सारे त्याच्या बाजूने बोलून झाल्यावर आता लमचे ऐकले पाहिजे. अट घालणे चूक होते; पण तिला अट घालण्याची पाळी कुणी आणली? इतकी वर्षे कसलीही मुदत नव्हती, पृथ्वीवर कसलेही संकट नव्हते, घरात निवांत बसून शंभर वेळा तो शब्द बोलता आला असता. तेव्हाही तो बोललाच नाही. सक्तीत शब्द खोटा ठरतो म्हणून गप्प, आणि सक्ती नसताना गरज नाही म्हणून गप्प. मग बोलायचे तरी कधी? 'मरताना सांगेन' हे उत्तर चित्रपटात फार खुलते, कारण तिथली माणसे चित्रातली असतात आणि ती म्हातारी होत नाहीत. आपली होतात. आणि मरण काही मुदत ठरवून येत नाही.

इथे कारंज्यात आमच्या आळीत एक आजीबाई होत्या. त्यांचे यजमान कापसाचे शेतकरी, अबोल गृहस्थ. थंडीच्या दिवसांत पहाटे उठून ते स्वतः बंब पेटवीत, म्हणजे बाईंना गार पाण्यात हात घालायला नको. सीताफळांच्या दिवसांत बाजारातून न सांगता टोपलीभर सीताफळे आणीत, आणि आपल्याला ती आवडत नाहीत असे म्हणून सगळी त्यांच्यापुढे ठेवीत. पन्नासाहून अधिक वर्षांचा संसार झाला. एके दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेरवीच्या दिवशी आजीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी तरी समजूत घालताना म्हणाले, त्यांनी तुम्हांला काही कमी केले नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "म्या नाही म्हनत नाही बापा, समदं केलं त्याईनं. पन एक डाव तोंडानं बोलले असते, त काय बिगडलं असतं?" त्या वाक्याला उत्तर देण्याची बैठकीत कुणाची छाती झाली नाही. पुरुषमंडळी तर खाली मान घालून बसली. प्रत्येक जण आपापल्या घरातल्या बंबाचा विचार करीत असावा.

कृतीतून प्रेम कळते, शब्दांची गरज काय, असे आपण नेहमी म्हणतो. कळते, यात शंका नाही. पण कृती दुभाषी असते. बंब कर्तव्य म्हणूनही पेटवता येतो आणि प्रेम म्हणूनही. ज्याच्यासाठी पेटवला त्याने जन्मभर अंदाज करीत राहायचे, हे काही न्यायाचे नव्हे. शब्द हा कृतीचा खुलासा आहे. त्याने कृती मोठी होत नाही, पण ती कुणाच्या नावाने केली ते कळते. याच्या उलट नुसता शब्दही लंगडा. मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी जी अरुंद रुळांची गाडी आमच्या कारंज्यावरून जात असे, तिला लोक 'शकुंतला' म्हणत. ती गाडी आता बंद आहे. पण जिच्यावरून ते नाव आले, त्या कालिदासाच्या शकुंतलेची गोष्ट इथे ताडून पाहण्यासारखी आहे. दुष्यंताने शब्द दिला होता, भरघोस दिला होता. आणि शापाने स्मृती पुसली जाताच तो शब्द वाऱ्यावर गेला. तारले ते खुणेच्या अंगठीने. आतारूजवळ खूण होती, ते शिंग, शब्द नव्हता. दुष्यंताकडून शब्द मिळाला, पण खूण हरवल्याबरोबर तोही हरवला. दोघींच्याही वाट्याला अर्धेच आले, आणि अर्ध्याने दोघींनाही रडवले. खूण आणि शब्द ही एका दाराची दोन फळ्या आहेत. एक उघडी आणि एक बंद ठेवून पाहुण्याला या म्हणता येत नाही.

मौन कसे पाळावे आणि कधी सोडावे याचा एक फार जुना दाखला आमच्या गावाशी जोडलेला आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. 'गुरुचरित्रा'त त्यांच्या बालपणाची कथा येते. नरहरी नावाचा तो बालक ॐकाराखेरीज काहीच बोलेना. वर्षांमागून वर्षे गेली. आईबापांनी उपाय केले, लोकांनी मुका म्हणून कीव केली. आईचे काळीज तुटत होते. तेव्हा मुलाने खुणेने सांगितले, माझी मुंज करा, मग मी बोलेन. मुक्याची मुंज कशाला, म्हणून लोक हसले. आईबापांनी मात्र त्या खुणेवर विश्वास ठेवला. सातव्या वर्षी मुंज झाली, आई भिक्षा घालायला पुढे आली, आणि त्या बालकाच्या मुखातून वेद उमटले.

श्रद्धाळूंना या कथेत चमत्कार दिसतो आणि तो त्यांनी अवश्य पाहावा. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मौनाला मुदत होती, आणि ती मुदत मुलाने स्वतः आईला सांगितली होती. वाट पाहणाऱ्या माणसाला त्याने अंधारात ठेवले नाही. शिवाय ती मुदत मरणाची नव्हती, मंगलकार्याची होती. शब्द निघाला तो भिक्षेचे तबक हाती घेऊन उभ्या असलेल्या आईसमोर. आणि तो शब्द फुकटचाही नव्हता. बोलू लागलेला मुलगा आता संन्यास घेऊन घर सोडणार, हे आईला त्याच्याच तोंडून ऐकावे लागले. तरी मुलगा न बोलता निघून गेला असता तर तिला ते अधिक सोसले असते, असे कोण म्हणेल? निघताना त्याने परत भेटण्याचे वचन दिले आणि तीस वर्षांनी तो कारंज्याला आला, असे कथा सांगते. शब्द द्यावा तो असा, आणि पाळावा तो असा.

तात्पर्य, जपानी पोराचा निम्मा हट्ट मला मान्य आहे. मागणाऱ्याने प्रेमाला मुदत घालू नये, तराजू लावू नये; लावला तर हाती येईल ती फक्त वजनाची पावती. पण ज्याच्याजवळ तो शब्द आहे त्याने मागणीची वाट पाहू नये. कुणी न मागता, काही मिळवायचे नसताना, साध्या मंगळवारी दुपारीसुद्धा जो बोलला जातो, त्याच शब्दाला साक्षीदार लागत नाही. मालिकेच्या शेवटच्या भागापर्यंत तो राखून ठेवण्याचा अधिकार कथाकाराला आहे, कारण आपला शेवटचा भाग कोणता हे त्याला ठाऊक असते. तुम्हां-आम्हांला ते ठाऊक नसते.

दिवाळीचा पाडवा जवळ आला आहे. घरोघर पाट मांडले जातील, निरांजने लागतील, घरधनीण ओवाळील, आणि ताम्हनात काही तरी घालायचे म्हणून खिशात हात जाईल. पैसे, साडी, दागिना, ज्याची जशी ऐपत असेल तशी ओवाळणी पडेलच. या वर्षी तिच्याबरोबर एक वाक्य घालून पाहावे. त्याला सोनार लागत नाही आणि ते मोडीतही निघत नाही. प्रमाण मराठीत जमत नसेल, तर वऱ्हाडीत म्हणावे.